स्पीकरच्या पाठीवरचे ‘८ ओहम’

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये एक माध्यमिक शाळा आहे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने आमचे तिथे अधूनमधून जाणे होते. एकदा जानेवारीत गेलो, तर मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलावर एक अँप्लिफायर झाकण काढून ठेवलेला दिसला. जळका वास अजून पुरता गेला नव्हता.

हकिकत अशी. मुंबईला स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चार मोठे स्पीकर भेट दिले होते. घरी संगीत ऐकण्यासाठी असतात तसे, कमरेएवढ्या उंचीचे, उत्तम प्रतीचे. प्रत्येकाच्या पाठीवर ‘८ ओहम’ असे छापलेले. गावातून वर्गणी काढून शाळेने त्यांच्यासाठी नवा अँप्लिफायर घेतला. त्याला डावी आणि उजवी अशा दोन बाजू. प्रत्येक बाजूला ‘८ ओहमला ५० वॅट, किमान ४ ओहम’ अशी सूचना. स्नेहसंमेलनाच्या रात्री प्रत्येक बाजूला दोन-दोन स्पीकर समांतर जोडले. नांदी झाली, भाषणे झाली, नाटुकले झाले. मग कोळीनृत्य सुरू झाले, मुलांनी आवाज वाढवायला सांगितला, आणि तिसऱ्या कडव्याला सगळे शांत झाले. पाठोपाठ धूर.

दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिले आणि निदान केले : “आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत. कुणीतरी वायरी शॉर्ट केल्या.” वायरी जोडल्या होत्या दहावीतल्या एका मुलीने. तेव्हापासून ती प्रयोगशाळेत फिरकली नव्हती. विज्ञानाच्या बाईंनी तिला बोलावून आणले. ती हळूच म्हणाली, “सर, मी शॉर्ट नाही केलं. मी आधी हिशोब केला होता.” आणि तिने वही दाखवली. ८ ओहमचे दोन रोध समांतर जोडले की परिणामी रोध ४ ओहम. अँप्लिफायरवर किमान ४ ओहम लिहिले आहे. म्हणजे चालेल.

हिशोबात एकही चूक नव्हती. तरी अँप्लिफायर जळला. मग चूक कुठे होती?

एक मोजमाप

प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला. ओहमच्या पल्ल्यावर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावला. काटेकोर ८ नाही, तरी ६-७ येईल अशी मुलांची अपेक्षा. मीटरने दाखवले ३.४ ओहम.

पुढची कापडी जाळी काढली तेव्हा थोडा उलगडा झाला. एकाच खोक्यात दोन मोठे, सारखेच शंकू होते आणि ते आतल्या आत समांतर जोडलेले होते. म्हणजे दोन स्पीकर समांतर जोडताना मुलीने नकळत चार शंकू समांतर जोडले होते.

पण मग कारखान्याने ८ ओहम हा आकडा कुठून आणला? तो अगदीच खोटा नव्हता. तो कशाचा आकडा आहे हे समजण्यासाठी स्पीकरच्या आत डोकवावे लागेल.

चुंबकातला झोपाळा

तारेतून विद्युतधारा गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, ही गोष्ट या परिसराला चांगली परिचयाची असायला हवी. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा इथे आली ती याच कारणाने. आधी ही मोजणी मुंबईत कुलाब्याला चालत असे. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या विद्युतधारेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागला आणली. ट्रॅम १९०७ मध्ये सुरू झाल्या. वेधशाळेला नको असलेला हाच परिणाम स्पीकरचा मात्र प्राण आहे.

१९२५ मध्ये अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ज्या प्रकारच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच प्रकारचे स्पीकर आजही आपण बहुतेक सगळीकडे वापरतो. एका बळकट चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे असते. ते कागदाच्या शंकूला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून संगीताबरहुकूम बदलणारी विद्युतधारा गेली की ते पुढेमागे हलते, शंकू हलतो, हवा हलते आणि आवाज येतो.

इथपर्यंत आपण वर्गात शिकवतोच. पण गोष्ट इथे संपत नाही. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलले की त्यात वीज निर्माण होते, हेही आपणच शिकवतो. म्हणजे स्पीकर ही एकाच वेळी मोटरही आहे आणि जनित्रही! वेटोळे जितक्या वेगाने हलेल तितका उलटा विद्युतदाब ते निर्माण करते आणि अँप्लिफायरकडून येणाऱ्या विद्युतधारेला अडवते.

कोकणातल्या पडवीतला झोपाळा आठवा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत ढकलले, तर पायाच्या अंगठ्याने दिलेला हलका रेटाही पुरतो आणि झोपाळा मोठे झोके घेतो. शंकू, त्याची लवचीक कड आणि खोक्यातली हवा मिळून असाच एक झोपाळा होतो. त्याच्या नैसर्गिक वारंवारतेला शंकू जोरात हलतो, उलटा विद्युतदाब मोठा होतो आणि विद्युतधारा अगदी थोडी लागते. अँप्लिफायरला वाटते, समोर फार मोठा रोध आहे. लय बदलली की शंकूचा वेग कमी होतो, उलटा दाब घटतो आणि तारेचा मूळचा रोधच काय तो उरतो.

यात आणखी भर म्हणजे खोक्यातले विभाजन-मंडल. जाड आवाज मोठ्या शंकूकडे आणि बारीक आवाज छोट्या शंकूकडे पाठवण्यासाठी आत धारित्रे आणि तारेची वेटोळी बसवलेली असतात. धारित्र कमी वारंवारतेला अडवते आणि जास्त वारंवारतेला वाट देते, वेटोळे याच्या उलट वागते.

या सगळ्यांचा मिळून जो अडथळा होतो त्याला संरोध म्हणतात. तोही ओहममध्येच मोजतात, पण तो एकच एक आकडा नसतो. प्रत्येक वारंवारतेला तो वेगळा असतो. त्या स्पीकरवर आम्ही आणि मुलांनी मिळून घेतलेली मोजमापे अशी आली :

६० हर्ट्झ – २४ ओहम
८० हर्ट्झ – ११ ओहम
१५० हर्ट्झ – ३.९ ओहम
४०० हर्ट्झ – ५.५ ओहम
१५०० हर्ट्झ – १६ ओहम
४००० हर्ट्झ – ६ ओहम
१०००० हर्ट्झ – ७ ओहम

मुलांनी हे आकडे आलेख-कागदावर मांडले तेव्हा डोंगरदऱ्या दिसू लागल्या. पाठीवरचे ‘८ ओहम’ म्हणजे या डोंगरदऱ्यांमधून अंदाजाने काढलेली एक मधली उंची. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाच्या मानकात (आयईसी ६०२६८, भाग ५) याबाबत एक समंजस नियम आहे. स्पीकरचा संरोध त्याच्या वापराच्या पल्ल्यात कुठेही छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे ‘८ ओहम’ छापायचे असेल तर कुठेही ६.४ च्या खाली घसरण नको. आमचा स्पीकर ३.९ पर्यंत उतरत होता. या नियमाने त्यावर ‘४ ओहम’ छापायला हवे होते. घरगुती संगीताच्या बाजारात हा नियम सर्रास मोडला जातो, कारण ४ हा आकडा पाहून गिऱ्हाईक बिचकते.

धारा कोण ठरवतो?

आता अँप्लिफायरच्या बाजूने पाहू. ८ ओहमला ५० वॅट देण्यासाठी त्याला २० व्होल्टचा विद्युतदाब द्यावा लागतो (२० चा वर्ग ४००, भागिले ८, म्हणजे ५०). अँप्लिफायर मुख्यतः दाब पुरवतो. त्या दाबाला किती धारा वाहील हे समोरचा स्पीकर ठरवतो. ८ ओहमला २.५ अँपिअर, ४ ओहमला ५ अँपिअर.

आणि दोन स्पीकर समांतर असताना १५० हर्ट्झला? ३.९ चे निम्मे, म्हणजे जवळजवळ २ ओहम. धारा १० अँपिअर. कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या दुप्पट. भाषणे आणि नाटुकले निभावले, कारण आवाज बेताचा होता. कोळीनृत्यात ढोलाची थाप आली. अशा भारदस्त आवाजांचा बराच जोर शे-दोनशे हर्ट्झच्या अवतीभवती असतो, नेमका त्या दरीत. त्यात आवाजही वाढवलेला.

अवघड गोष्ट एवढीच नाही. झोपाळ्याकडे पुन्हा वळू. झोपाळा आपल्याकडे येत असताना त्याला समोरून रेटून पाहा. हात भरून येतात, दम लागतो, पण झोका काही वाढत नाही. उलट झोपाळ्याची ऊर्जा आपल्या हातात जिरते. स्पीकरचा संरोध जिथे वेगाने चढतो किंवा उतरतो, जसा इथे ६० आणि १५० हर्ट्झच्या मधल्या उतारावर, तिथे विद्युतधारा आणि विद्युतदाब एका तालात राहत नाहीत. धारा दाबाच्या पुढे धावते. काही क्षण स्पीकर अँप्लिफायरला ऊर्जा परत करतो, आणि ती जिरवावी लागते ट्रान्झिस्टरांना.

आकड्यांत पाहू. अशा अँप्लिफायरच्या आत साधारण ३२ व्होल्टचा पुरवठा धरू. समोर साधा ४ ओहमचा रोध असेल, तर स्पीकरवरचा दाब शून्य असतो त्या क्षणी धाराही शून्य असते. ट्रान्झिस्टरला विश्रांती. त्याच्यावर सर्वांत जास्त भार येतो तो दाब निम्म्यावर असताना : १६ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर, म्हणजे ६४ वॅट. आता धारा ४५ अंशांनी पुढे असेल, तर दाब शून्य असतानाही सुमारे ५ अँपिअर धारा वाहत असते आणि सगळे ३२ व्होल्ट ट्रान्झिस्टरवरच पडतात. ३२ गुणिले ५, म्हणजे १६० वॅट. ओहमचा आकडा तोच, पण ट्रान्झिस्टरमधली क्षणिक उष्णता अडीच पट!

संगीत तर एका वारंवारतेचे नसते. सारखे चढते-उतरते, अचानक थबकते, अचानक उसळते. १९८७ मध्ये माटी ओटाला आणि हुट्टुनेन या संशोधकांनी बाजारातले स्पीकर तपासून दाखवले, की विशिष्ट आकाराच्या विद्युतसंकेताला काही स्पीकर ८ ओहमच्या साध्या रोधाच्या सहा पटींहूनही जास्त धारा क्षणभर खेचू शकतात. अवघड स्पीकरसाठी जड ट्रान्सफॉर्मरचे, मोठ्या उष्णता-पंखांचे अँप्लिफायर का लागतात, ते यावरून कळते. अलीकडचे हलके, ‘वर्ग डी’ पद्धतीचे अँप्लिफायर परत आलेली ऊर्जा पुरवठ्याकडे वळवतात, म्हणून कमी तापतात. पण धारेची मर्यादा त्यांनाही आहेच.

‘मॅचिंग’ या शब्दाची गंमत

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे, कारण तो शिक्षकांमध्येही आढळतो. महत्तम शक्तिसंक्रमणाचा सिद्धांत सांगतो की स्रोताचा आंतररोध आणि भाराचा रोध सारखे असतील, तर भाराला सर्वांत जास्त शक्ती मिळते. त्यावरून पुष्कळांना वाटते की ८ ओहमच्या स्पीकरला ‘मॅच’ होणारा अँप्लिफायर म्हणजे ज्याचा आंतररोध ८ ओहम आहे असा.

तसे मुळीच नाही. आजच्या अँप्लिफायरचा आंतररोध एका ओहमच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो. तो ८ ओहम असता तर निम्मी शक्ती आतच जळली असती. शिवाय स्पीकरच्या संरोधाबरोबर आवाजही बदलला असता, कारण जिथे डोंगर तिथे दाब जास्त आणि जिथे दरी तिथे कमी मिळाला असता. आपल्या घरातल्या विजेसारखेच हे आहे. आपण बल्बचा रोध वीजमंडळाच्या जनित्राशी जुळवत नाही. मंडळ २३० व्होल्ट देते आणि बल्ब हवी तेवढी धारा घेतो. फार जास्त धारा मागितली की फ्यूज जातो.

जुळणीचा शब्द आला तो निर्वात नळ्यांच्या काळातून. नळीला काही हजार ओहमचा भार लागे आणि स्पीकर असे काही ओहमचा, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून त्याला ४, ८, १६ ओहमची वेगवेगळी टोके काढत. तिथे योग्य टोक निवडणे ही खरोखरच जुळणी होती. ट्रान्झिस्टर आले, ट्रान्सफॉर्मर गेला, शब्द मात्र राहिला. आज जुळवायचे ते एवढेच : स्पीकरची सर्वांत खोल दरी अँप्लिफायरच्या किमान आकड्याखाली जाऊ नये.

तुमच्या शाळेत करून पाहा

या मोजणीला महागडी उपकरणे लागत नाहीत. १०० ओहम, २ वॅटचा एक रोध, १० ओहम, १ वॅटचा एक रोध, मोबाइलवर हव्या त्या वारंवारतेचा सूर काढणारे एखादे अ‍ॅप, कोणताही छोटा अँप्लिफायर आणि २ व्होल्टचा एसी पल्ला असलेला मल्टिमीटर एवढे पुरे. (सर्वांत स्वस्त मीटरांचा एसी पल्ला २०० व्होल्टपासून सुरू होतो, तो इथे उपयोगी नाही.)

मोबाइलचा सूर अँप्लिफायरला द्या. अँप्लिफायरच्या टोकांना १०० ओहमचा रोध आणि स्पीकर एकसर जोडा. आवाज असा ठेवा की अँप्लिफायरच्या टोकांवर ५ व्होल्टपेक्षा जास्त दाब येणार नाही. आता स्पीकरच्या दोन टोकांमधला दाब मोजा. मग आवाज तसाच ठेवून स्पीकर काढा, त्याच्या जागी १० ओहमचा रोध लावा आणि पुन्हा दाब मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून १० ने गुणा. त्या वारंवारतेचा संरोध मिळाला.

रोध बदलून दोनदा का मोजायचे? साधे मीटर ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असते आणि जास्त वारंवारतेला चुकते. दोन्ही वेळा ते सारखेच चुकते, म्हणून भागाकारात चूक निघून जाते. ही युक्ती स्वतंत्रपणे मुलांशी बोलण्यासारखी आहे. या पद्धतीने उंच शिखरे थोडी बुटकी दिसतात, कारण तिथे १०० ओहमचा रोध पुरेसा मोठा ठरत नाही. पण आपल्याला हव्या त्या दऱ्या पुरेशा बरोबर येतात.

मग स्पीकरांचे काय केले?

अँप्लिफायर दुरुस्त होऊन आल्यावर शाळेने प्रत्येक बाजूला एकच स्पीकर जोडायचे ठरवले. ३.९ ही दरी ४ च्या अगदी काठावर आहे, म्हणून आवाजाची कळ पाऊण फेऱ्यापुढे न्यायची नाही अशी खूण केली. दोन स्पीकर एकसर जोडण्याचाही पर्याय होता. मग दरी ७.८ ओहमची होते आणि अँप्लिफायर निर्धास्त राहतो. आवाज थोडा उतरतो. मात्र एकसर जोडणी सारख्याच दोन स्पीकरांची करावी. वेगवेगळ्या जातीचे असतील तर एकाच्या दऱ्या-डोंगर दुसऱ्याचा आवाज बिघडवतात.

मैदानासाठी हे स्पीकर मुळातच योग्य नव्हते. लांब वायर हा वेगळाच शत्रू आहे. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध, १०० मीटर लांब जाऊन परत येईपर्यंत, सुमारे ३.४ ओहम होतो. पुढे ४ ओहमचा स्पीकर असेल तर जवळजवळ निम्मी शक्ती वायरीतच जाते. त्यात समुद्राकाठची खारी हवा. उघड्या तांब्यावर एका पावसाळ्यात हिरवट थर चढतो आणि सांध्यांचा रोध वाढतो. म्हणून सभेच्या अँप्लिफायरांना १०० व्होल्टचे वेगळे टोक दिलेले असते आणि प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर. १५ वॅटचा कर्णा १०० व्होल्टला फक्त ०.१५ अँपिअर घेतो. चार कर्ण्यांची धारा मिळून ०.६ अँपिअर होते आणि त्याच वायरीत सव्वा वॅटच वाया जातो. इथे ओहमचा हिशोबही नको, सगळ्या कर्ण्यांचे वॅट मिळवायचे आणि बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी ठेवायची. मात्र १०० व्होल्टचा झटका चांगलाच बसतो, म्हणून अँप्लिफायर बंद केल्याशिवाय वायरींना हात लावू नये.

दुपारी मोजणी संपली तेव्हा मुख्याध्यापक स्वतः प्रयोगशाळेत आले. आलेख पाहिला, वहीतला हिशोब पाहिला, आणि मुलीला म्हणाले, “तुझं गणित बरोबर होतं. आम्ही तुला विचारायला हवं होतं.” तिने चिकटपट्टीचे चार तुकडे कापले, प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर छापील आकड्याखाली एक-एक चिकटवला आणि लिहिले : ‘मोजलेला किमान संरोध – ३.९ ओहम, १५० हर्ट्झला.’ खाली तारीख घातली.

तुमच्या शाळेच्या स्पीकरवर कोणता आकडा आहे? पुढचे स्नेहसंमेलन येण्यापूर्वी मुलांकडून एकदा मोजून घ्या.